डब्याच्या मागची बारीक अक्षरं

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीचं इंजिन अवघं दीड लिटरचं. ताकद मात्र 150 पीएस. ही किमया टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक छोटं चाक फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. असा दांडा मिनिटाला दीड लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि पेट्रोल गाडीत त्या वायूंचं तापमान 900 अंशांपर्यंत पोहोचतं. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये असतो तो फक्त ऑइलचा पातळ थर.

तरीही दुकानात पहिला प्रश्न येतो तो 5डब्ल्यू-30 घ्यायचं की 5डब्ल्यू-40.

यातला पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. 5डब्ल्यूची चाचणी उणे 30 अंशांच्या आसपास होते. निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही तेवढी वेळ येत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात 0डब्ल्यू की 5डब्ल्यू याची फार चिंता करायचं कारण नाही. दुसरा आकडा 100 अंशांवरचा दाटपणा सांगतो. ऑइल जितकं दाट तितकं इंजिन सुरक्षित, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. टर्बोच्या बाबतीत तो घातक ठरतो. सकाळी गाडी सुरू होताच ऑइल त्या बेअरिंगपर्यंत झटपट पोहोचलं पाहिजे; 20डब्ल्यू-50सारखं दाट ऑइल तिथे उशिरा पोहोचतं.

खरी माहिती असते डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत: गाडी बनवणाऱ्या कंपनीची मंजुरी. पोलो जीटी टीएसआयच्या पिढीतल्या इंजिनांसाठी फोक्सवॅगनची मंजुरी व्हीडब्ल्यू 502 00. या मंजुरीचं ऑइल 150 अंशांवर, प्रचंड घर्षणातही ठरावीक जाडीचा थर टिकवतं. व्हीडब्ल्यू 508 00 हीसुद्धा त्याच कंपनीची मंजुरी, पण ती मायलेज डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या पातळ 0डब्ल्यू-20 ऑइलची. क्रमांक पुढचा असला तरी ते जुन्या इंजिनात चालत नाही. म्हणून मॅन्युअलमधला क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक अक्षरशः जुळवून पाहावा. ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ हा ऑइल विकणाऱ्याचा दावा असतो. मंजुरी गाडी बनवणाऱ्याने तपासणी करून दिलेली असते. या दोन्हींना एकाच तागडीत तोलू नये.

लहान टर्बो इंजिनांनी आणखी एक दुखणं आणलं. घाटात वरचा गिअर, इंजिनाचे फेरे दीड हजारांच्या आसपास आणि अॅक्सिलरेटरवर पूर्ण पाय: अशा वेळी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल यांचे थेंब स्पार्क पडण्याआधीच पेट घेऊ शकतात. एखाद्याच धक्क्यात पिस्टन फुटण्याइतका दाब तयार होतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो असं संशोधनात दिसलं, तेव्हा कंपन्यांनी कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वापरायला सुरुवात केली. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेचा ‘एसएन प्लस’ दर्जा 2018मध्ये आला तो याचसाठी आणि 2020च्या ‘एसपी’तही ही चाचणी आहे. आज पेट्रोल टर्बोत ‘एसपी’पेक्षा जुन्या दर्जाचं ऑइल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. अर्थात, चढावर एक गिअर खाली घेणं हाही तितकाच खरा उपाय.

खंडाळ्याचा घाट दामटत चढून लोणावळ्यात गाडी थेट बंद केली, तर तापलेल्या टर्बोतलं ऑइल जागीच अडकतं. तळणीच्या कढईला धरते तशी काळी, कडक राप बेअरिंगवर बसते आणि ऑइलची वाट अरुंद होत जाते. नव्या गाड्यांत पाण्याने गार होणारे टर्बो असतात, काहींत इंजिन बंद झाल्यावरही पंप चालू राहतो. पण जोरात चालवलेल्या गाडीला मिनिटभर आयडलवर ठेवण्याची सवय सोडू नये. चांगलं सिंथेटिक ऑइल ही राप लांबवतं, पूर्णपणे थांबवत नाही.

डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर तेही चांगलं लक्षण नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. अशा गाडीचं किंवा रीमॅप करून ताकद वाढवलेल्या गाडीचं ऑइल कंपनीने दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच बदलावं, फिल्टरसकट.