कारखान्यातून छत, गावातून भिंती

‘३० दिवसांत हरित घर!’ अशा जाहिराती आता तालुक्याच्या गावांतल्या फलकांवरही दिसू लागल्या आहेत. चित्रात हिरवळ असते, तिच्यावर क्रेनने उतरणारी तयार भिंत असते आणि बाजूला हसरं कुटुंब. गावाकडे प्लॉट असलेले वाचक मग विचारतात : असं घर आणून बसवावं का? ते खरंच लवकर होतं का, टिकतं का, आणि त्याला हरित कशावरून म्हणायचं?

लवकर होतं, हे खरं आहे. आयआयटी मद्रासने २०१३मध्ये आपल्या आवारात चार सदनिकांची दुमजली इमारत महिन्याभरात उभी करून दाखवली. बेंगळुरूच्या केंब्रिज लेआउटमधलं टपाल कार्यालय २०२३मध्ये थ्री-डी प्रिंटरच्या मदतीने ४३ दिवसांत झालं. पण प्रिंटर छापतो त्या मुख्यतः भिंती. नळ, वायरिंग, दारं-खिडक्या, सेप्टिक टँक यांना जो वेळ लागतो तो लागतोच. शिवाय प्रात्यक्षिक वेगळं आणि वसाहत वेगळी. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत सहा नव्या तंत्रांनी प्रत्येकी सुमारे हजार घरं बांधायला घेतली. मुदत होती १२ महिन्यांची. प्रीकास्ट काँक्रीटची चेन्नईची १,१५२ घरं मे २०२२मध्ये पूर्ण झाली. मधे करोनाची लाट आली होती, हे लक्षात घेता ही चांगलीच गती आहे. जाहिरातीतले ३० दिवस मात्र यातून सिद्ध होत नाहीत.

टिकण्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या देशात तो जवळजवळ विस्मरणात गेला आहे आणि मला त्याची फार खंत वाटते.

ओटो कोनिग्सबर्गर यांचा जन्म १९०८चा, बर्लिनचा. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत देश सोडावा लागलेला हा तरुण वास्तुविशारद १९३९मध्ये म्हैसूर संस्थानात आला. पदार्थविज्ञानातले थोर नाव मॅक्स बॉर्न हे त्याचे मामा. चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या निमंत्रणावरून ते १९३५-३६मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून गेले होते. भाच्याने पुढे त्याच संस्थेच्या काही इमारती उभारल्या, जमशेदपूरची आणि नंतर भुवनेश्वरची आखणी केली. फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले तेव्हा नेहरूंच्या सरकारने त्याला गृहनिर्माण संचालक नेमलं आणि घरं तयार करणारा सरकारी कारखाना काढायचं काम सोपवलं.

कल्पना सरळ होती. हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या मोठ्या पाट्या कारखान्यात ओतायच्या, जागेवर नेऊन जुळवायच्या, झालं घर. प्रत्यक्षात पाट्यांच्या दर्जाचे आणि सांध्यांचे प्रश्न निघाले, किंमत वाढली, आणि संसदेत आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्यावर टीकेची झोड उठली. १९५१मध्ये कोनिग्सबर्गर लंडनला निघून गेले. कारखाना पुढे दुसऱ्या रूपात चालला. रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपर आणि विजेचे खांब यांसारख्या वस्तू तिथे बनू लागल्या. म्हणजे अवजड तुकडे अचूक बनवणं त्या कारखान्याला जमण्यासारखं होतं. घर त्या तुकड्यांपेक्षा अवघड निघालं, कारण घराचं बळ तुकड्यांइतकंच ते जोडणाऱ्या सांध्यांत असतं.

हे समजायला बैलगाडीच्या चाकासारखं उदाहरण नाही. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, असे सगळे सुटे लाकडी तुकडे. नुसते खाचांत बसवून गाडी जोडली तर पहिल्याच खड्ड्यात चाक खिळखिळं होईल. म्हणून त्यावर लोखंडी धाव चढवतात. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवतात, ती तापवून लाल करतात, म्हणजे ती प्रसरण पावते आणि चाकावर बसते. मग पाणी ओततात. धाव आकसते आणि प्रत्येक आरा तुंब्यात करकचून दाबला जातो. आता खड्डा आला तरी तुकडे सुटत नाहीत, कारण ते कायम दाबाखाली आहेत. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने याने १९२८मध्ये प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटचं पेटंट घेतलं, त्यात तत्त्व हेच आहे. पोलादी तारा ताणून धरायच्या, काँक्रीट घट्ट झालं की त्या सोडायच्या, आणि त्यांच्या आकसण्याने काँक्रीटला कायमच्या दाबात ठेवायचं. आपल्या सुतार-लोहारांच्या हातात हे ज्ञान कितीतरी आधीपासून होतं!

पाट्यांच्या घरालाही धाव लागते. भिंतींच्या माथ्यावरून सलग फिरणारा सळईचा पट्टा, पाटीतून बाहेर काढलेल्या सळ्या एकमेकींत अडकवून त्यावर ओतलेलं काँक्रीट, ही त्याची धाव. ती नसेल तर काय होतं हे लंडनने १६ मे १९६८ रोजी पाहिलं. रोनान पॉइंट ही तयार पाट्यांची २२ मजली इमारत राहायला खुली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण एक भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले निराधार झाले आणि अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसं गेली. इमारत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली गेली, पण सॅम वेब या वास्तुविशारदाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला की सांधे उघडून बघा. १९८६मध्ये ती सुरुंगाने न उडवता मजल्यामागून मजला सोडवली गेली, तेव्हा ज्या सांध्यांत मसाला ठासून भरलेला असायला हवा होता तिथे वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. वेबसारखी चिकाटीची माणसं बांधकामाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवीत.

आपल्याकडे २००१च्या भूकंपात कच्छमधल्या तयार पाट्यांच्या अनेक नव्या शाळा कोसळल्या, त्याही जोडणीच्या कच्चेपणामुळे. उलट बाजूही लक्षात ठेवू. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीला जी माणसं मेली, ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या जड माळवदांखाली. त्या घरांतही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. घर कारखान्याचं असो की गावचं, भूकंपात पहिला प्रश्न एकच असतो : तुकडे एकत्र बांधलेले आहेत का?

दुसरी अडचण वजनाची. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड भिंत म्हणजे सव्वातीन टन. ती उचलायला क्रेन हवी, आणायला ट्रेलर हवा, ट्रेलर वळायला रस्ता हवा. गावठाणातल्या बोळात हे कसं होणार? शहरात एकाच जागी हजार घरं असतील तर क्रेनचा खर्च वाटला जातो. एका घरासाठी तो सगळा तुमच्याच माथी येतो. त्यात पायाची भर. काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया थोडा जरी वर-खाली झाला तरी पाट्यांच्या घरात चीर पडते ती नेमकी सांध्यावर, आणि तिथूनच पावसाचं पाणी आत येतं.

पोलादी पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या हलक्या पाट्या घेतल्या तर क्रेन टळते. मात्र इथे उष्णतेचं गणित सुरू होतं. नऊ इंची विटांच्या भिंतीवर दुपारी पडलेली उष्णता आतल्या बाजूला पोहोचायला साधारण सहा ते आठ तास घेते. सोलापूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात ही दिरंगाई वरदान ठरते, कारण उष्णता आत येते तोवर रात्र झालेली असते आणि खिडक्या उघडता येतात. फोमची पाटी उष्णता अडवते, पण साठवत जवळजवळ नाही. त्यामुळे खिडकीतून किंवा स्वयंपाकघरातून आत आलेली उष्णता घर लगेच तापवते. कोकणात दिवस-रात्रीच्या तापमानात फरक कमी, तिथे हलकी भिंत आणि आरपार वारा हेच बरं. पण खाऱ्या हवेत पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रू आधी गंजतात. घर तेच असलं तरी जळगावात आणि रत्नागिरीत त्याचे गुण वेगळे ठरतात. एकच नमुना सगळीकडे विकणारा माणूस हवामानाकडे पाहतच नाही.

आता ‘हरित’ या शब्दाकडे येऊ. सिमेंट बनवताना चुनखडी भाजावी लागते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४ किलो सुटणारच, कारण ते दगडातच आहेत. सिमेंटचं घर कारखान्यात ओतलं म्हणून हा हिशेब बदलत नाही. कारखान्यात नासाडी कमी होते, पाणी वाचतं, फळ्यांचे साचे पुन्हा पुन्हा वापरता येतात, हे फायदे खरे आहेत. पण ३०० किलोमीटर ट्रेलर पळवला तर त्यातला बराचसा फायदा डिझेलमध्ये जळून जातो. खरी बचत सिमेंट कमी वापरण्यात आहे. आयआयटी मद्रासच्या त्या इमारतीचं महत्त्व मला वेगापेक्षा याच कारणाने वाटतं. देवदास मेनन आणि मेहेर प्रसाद यांनी तिथे जिप्समच्या पोकळ पाट्या वापरल्या. फॉस्फेट खतांच्या कारखान्यांत या जिप्समचे डोंगर साचतात. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सनेही अशा पाट्या बनवल्या आहेत. सिमेंटची भट्टी १,४५० अंशांच्या आसपास तापवावी लागते, जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास भाजलं तरी पुरतं. १२ मीटर लांबीची अख्खी पाटी दीड टनांच्या वर जाते, त्यामुळे क्रेन इथेही लागतेच. मोठ्या वसाहतींसाठी हा मार्ग उत्तम आहे.

मग एकट्या घरासाठी काय? इथे पुन्हा कोनिग्सबर्गर यांच्याकडे वळावं लागतं. दिल्लीत पोळलेला हा माणूस १९५४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पथकातून गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेला. तिथल्या सरकारलाही युरोपीय तंत्राच्या काँक्रीटच्या तयार घरांची भुरळ पडली होती. चार्ल्स अब्राम्स, व्लादिमीर बोडियान्स्की आणि कोनिग्सबर्गर या तिघांना ती महाग वाटली. गावात फिरल्यावर त्यांना दिसलं की मातीच्या उत्तम भिंती लोक स्वतःच उभारतात, अडतं ते छतापाशी, कारण छताचं सामान विकत आणावं लागतं. त्यांनी सुचवलं : भिंती लोकांना बांधू द्या, कर्ज छतासाठी आणि दारं-खिडक्यांसाठी द्या. ही ‘छत-कर्ज’ योजना गृहनिर्माणाच्या अभ्यासात आजही मानाने सांगितली जाते. १९७४चं उष्ण कटिबंधातल्या घरबांधणीवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आपल्या वास्तुकला महाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. ते वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना दिल्लीच्या कारखान्याची गोष्टही सांगायला हवी.

त्या विचाराला साजेसं तंत्र रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने कधीच तयार करून ठेवलं आहे. आपल्या वाड्यांतल्या कडीपाटाचीच ही काँक्रीटमधली आवृत्ती. काँक्रीटच्या कड्या दीड मीटर अंतरावर टाकायच्या, त्यांवर ३० सेंटिमीटर रुंदीच्या पाट्या बसवायच्या. पाटी काही भागात तीन आणि काही भागात सहा सेंटिमीटर जाड. तिचं वजन भरतं सिमेंटच्या एका गोणीइतकं, म्हणजे पन्नास किलोच्या आसपास. दोन माणसं ती सहज चढवतात. कड्यांना चार-सहा माणसं पुरतात. वरून सळ्या टाकून काँक्रीटचा पातळ थर ओतला आणि चहूबाजूंनी पट्टा फिरवला की धाव चढली. सेंट्रिंगच्या फळ्या लागत नाहीत, नेहमीच्या स्लॅबपेक्षा सिमेंट आणि पोलादही वाचतं. पाट्या गावातच, सपाट ओट्यावर ओतता येतात. भिंती जांभ्याच्या, विटांच्या किंवा सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या, जिथे जे मिळेल त्याच्या.

तरीही अख्खं तयार घर घ्यायचं ठरवलंत, तर पैसे देण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. सांध्याचा नकाशा आणि त्यावर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही. त्या तंत्राला केंद्राच्या बांधकाम साहित्य आणि तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेचं (बीएमटीपीसी) मूल्यांकन प्रमाणपत्र आहे का, याचं उत्तर. छतावर उष्णतारोधक थर कोणता आणि किती जाड. वायर आणि नळ पाटीत आधीच सोडले आहेत का, कारण नंतर भिंत फोडता येत नाही. गिझर-पंखे किती वजनापर्यंत टांगता येतील. पुढे मजला चढवता येईल का. आणि गळती लागली तर गावचा गवंडी ती दुरुस्त करू शकेल का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ते घर घेऊ नका.

केरळात १९८५मध्ये कोल्लमला जिल्हाधिकारी सी. व्ही. आनंद बोस यांनी निर्मिती केंद्र सुरू केलं होतं. स्वस्त बांधकामाचे तयार भाग बनवणं आणि गवंड्यांना शिकवणं, दोन्ही एका छताखाली. पुढे देशभर अशी केंद्रं निघाली. महाराष्ट्रात घरकुल योजनेची घरं गावोगाव बांधली जात आहेत. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये छताच्या कड्या-पाट्या ओतणारा एक ओटा सुरू करणं अवघड नाही. तंत्र सिद्ध आहे, यंत्रं मोठी लागत नाहीत आणि शिकायला हात तयार आहेत. ग्रामविकास विभागाने एवढं केलं, तर वेगही मिळेल, सिमेंटही वाचेल आणि काम गावातच राहील. हरित घराचा याहून व्यवहार्य मार्ग मला दिसत नाही.