दत्तक बाळ येणार, घराची तयारी काय?

मूल दत्तक घेण्यासाठी सहकुटुंब दुसऱ्या देशात जायचे, ही गोष्ट पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत चांगलीच रूढ झाली. १९८९ मध्ये रुमानियातील राजवट कोसळली. तेथील अनाथालयांतील मुलांची दैना जगाला दिसली आणि इंग्लंड-अमेरिकेतील अनेक दांपत्ये तिकडे धावली. १९९२ पासून चीनचे दार उघडले. २००४ या एका वर्षात अमेरिकन कुटुंबांनी निरनिराळ्या देशांतून सुमारे तेवीस हजार मुले दत्तक नेली. पुढे नियम कडक झाले. इथिओपियाने २०१८ मध्ये, तर चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तकविधान जवळजवळ बंद केले. २०२३ मध्ये अमेरिकेतील हा आकडा सुमारे तेराशेवर आला होता.

आपल्या देशातून परदेशी कुटुंबांत दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय संस्था निघाली आणि आज सारा व्यवहार तिच्यामार्फतच चालतो. तालुक्याच्या गावाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांतील मुले-मुली परदेशात स्थायिक आहेत. त्यांच्यापैकी कोणी मूल दत्तक घ्यायला भारतात येतात, सोबत तिकडे जन्मलेले थोरले अपत्य असते आणि मुक्काम आजी-आजोबांच्या घरी पडतो. कागदपत्रांची चौकशी सगळे करतात. "डॉक्टर, आम्ही काही औषधपाणी करायला हवे का?" असे विचारणारे मात्र थोडे. ते विचारायला हवे, आणि बाळ येण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी विचारायला हवे.

आधी लस घरच्यांना

आपल्याला वाटते, बाळ अशक्त, तेव्हा जपायचे ते बाळाला. ते खरेच. पण काही आजारांत उलटे घडते. बाळ हसतखेळत असते आणि अंथरूण धरतात मोठी माणसे. याचे ठळक उदाहरण म्हणजे 'हिपॅटायटिस ए' प्रकारची कावीळ. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत ती कोणतेही लक्षण न दाखवता होऊन जाते. ना डोळे पिवळे, ना ताप. विषाणू मात्र शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लंगोट बदलणाऱ्या हातांवाटे तो घरात पसरतो. मोठ्या वयात हीच कावीळ महिना-दोन महिने पाडून ठेवते आणि क्वचित यकृत निकामी करून जिवावरही बेतते.

२००७ च्या सुमारास अमेरिकेत असे लक्षात आले की, इथिओपियातून आलेल्या दत्तक मुलांच्या काही नातेवाइकांना ही कावीळ झाली होती. त्या नातेवाइकांनी स्वतः परदेशी पाऊलही टाकले नव्हते. त्यानंतर २००९ मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने शिफारस केली, की अशा देशांतून मूल येणार असेल तर पहिल्या साठ दिवसांत त्याच्या निकट सहवासात येणाऱ्या प्रत्येकाने ही लस घ्यावी. त्यात आजी-आजोबा आले आणि मूल सांभाळणारी बाईही आली. पहिली मात्रा बाळ घरी येण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी, दुसरी सहा महिन्यांनी.

आपल्याकडील बहुतेक वयस्कर मंडळींना ही कावीळ लहानपणीच नकळत होऊन गेलेली असते, त्यामुळे त्यांना धोका कमी. प्रश्न येतो तो परदेशात वाढलेल्या सुनेचा, जावयाचा, नातवंडांचा. शहरात स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या आपल्या तरुण पिढीचाही येतो. शंका असल्यास रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी.

दुसरा आजार गोवर. २००१ आणि २००४ मध्ये चीनमधील अनाथालयांतून अमेरिकेत गेलेल्या बाळांबरोबर गोवरही गेला. २००१ मध्ये तर बाळांखेरीज त्यांच्या नव्या घरातील माणसांनाही तो झाला. २००४ मध्ये संबंधित संस्थेतील दत्तकविधान काही काळ थांबवण्याची शिफारस करावी लागली. म्हणून घरातील प्रत्येकाने गोवराच्या दोन मात्रा घेतल्या आहेत की नाहीत, हे जुने कार्ड काढून पाहावे.

तिसरा 'हिपॅटायटिस बी'. हा रक्तातून पसरतो. बाळाला तो असेल तर दत्तक घेण्यात आडकाठी नाही, मात्र घरच्या सर्वांनी लसीच्या तीन मात्रा पूर्ण कराव्यात. हा कोर्स सहा महिन्यांचा असल्याने आधीच सुरुवात केलेली बरी.

अहवाल वाचताना

बाळ स्वीकारण्यापूर्वी संस्थेकडून त्याचा वैद्यकीय अहवाल मिळतो. तो आपल्या विश्वासातील डॉक्टरांना दाखवता येतो आणि अवश्य दाखवावा. नुसते 'प्रकृती चांगली' एवढ्यावर समाधान मानू नये. वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांची वेळोवेळी घेतलेली मापे मागावीत. एकाच दिवसाच्या मापावरून काही कळत नाही, चढती रेघ दिसली पाहिजे.

दोन ठिकाणी लोक विनाकारण घाबरतात. पहिले म्हणजे एचआयव्ही. आईला लागण असेल तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या अंगात येतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. नेहमीची तपासणी ही प्रतिपिंडेच शोधते. म्हणजे तान्ह्या बाळाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला तरी बाळाला लागण झालीच आहे असे नव्हे. खरे-खोटे ठरवायला 'पीसीआर' ही तपासणी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे निरोगी बाळावर कायमचा शिक्का बसू शकतो. आणि लागण खरोखरच असली, तरी आजच्या औषधांवर अशी मुले शाळेत जातात, वाढतात, संसारही करतात.

दुसरे म्हणजे पाठीवरचे, कमरेखालचे निळसर डाग. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना ते जन्मतःच असतात आणि वयाबरोबर पुसट होतात. परदेशातील एखाद्या डॉक्टरला किंवा शिक्षिकेला ते माराचे वळ वाटण्याचा संभव असतो. म्हणून त्यांची नोंद, शक्य तर छायाचित्रासह, इथल्या कागदांत करून घ्यावी.

उलट क्षयाच्या बाबतीत लोक निष्काळजी राहतात. "बीसीजी टोचले आहे, म्हणून चाचणी आली" असे म्हणून पुढची तपासणी टाळू नये. संस्थेत अनेक माणसे बाळाला हाताळतात, त्यातील एखाद्याला खोकल्याचा क्षय असू शकतो.

मुक्कामात आणि प्रवासात

परदेशात वाढलेल्या मुलाला आपले पाणी आणि आपले डास दोन्ही नवे असतात. त्याला उकळलेले पाणी द्यावे आणि मच्छरदाणीत झोपवावे. विषमज्वराची लस येण्याआधी द्यावी आणि हिवतापाच्या गोळ्यांविषयी तिकडच्या डॉक्टरांना विचारून यावे. लहानपण इथे गेले म्हणून आई-वडिलांनी स्वतःला सुरक्षित समजू नये. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती देश सोडल्यावर ओसरते. परत गेल्यावर काही महिन्यांनी जरी ताप आला, तरी "आम्ही भारतात जाऊन आलो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बाळाचे खाणे एकदम बदलू नये. संस्थेत जे दूध, जी पेज, जो मऊ भात मिळत होता तोच काही दिवस चालू ठेवावा. काही मुले अधाशासारखी खातात, पोळीचा तुकडा मुठीत धरून झोपतात. रागावू नये. पुढचे जेवण नक्की मिळते, ही खात्री पटली की ती सवय बहुधा आपोआप सुटते.

घरी पोचल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत पूर्ण तपासणी करावी. रक्त, थायरॉइड, दोन्ही काविळी, एचआयव्ही, गरमी, क्षय, रक्तातील शिसे, डोळे आणि कान पाहावेत. जंतांसाठी वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा शौच तपासावे. 'हिपॅटायटिस बी' व एचआयव्हीची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करावी, कारण नुकतीच झालेली लागण पहिल्या वेळी दिसत नाही.

बाळ वयाच्या मानाने लहान दिसेल. अनाथालयात साधारण तीन महिने काढले की वाढ एक महिन्याने मागे पडते, असा तज्ज्ञांचा अनुभव आहे. त्यात निराश होण्यासारखे नाही. रुमानियातून इंग्लंडमध्ये गेलेल्या मुलांचा डॉ. मायकेल रटर यांनी कित्येक वर्षे अभ्यास केला. सहा महिन्यांचे होण्याआधी घर मिळालेली बहुतेक मुले पुढे इतर मुलांसारखीच झाली. उशिरा घर मिळालेल्यांपैकी काहींच्या अडचणी टिकल्या, तरी त्यांनीही पुष्कळ मजल मारली. जेवणाइतकीच एका माणसाची मांडी, एक ओळखीचा आवाज बाळाला लागतो.

म्हणून शेवटचे सांगणे आजी-आजोबांना. नातवंड आले की सारी गल्ली पाहायला येणार, प्रत्येक जण उचलून मुका घेणार, बारशाचा बेत ठरणार. हे सगळे थोडे लांबवावे. पहिले काही आठवडे बाळाला भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे आई-वडिलांकडेच राहू द्यावे. संस्थेत त्याने पुष्कळ हात पाहिलेले असतात. आता त्याला दोनच माणसांची ओळख पटायची आहे. त्याला वेगळ्या खोलीत एकटे झोपवू नये, ते चार मुलांच्या श्वासात झोपलेले असते. भेटायला येणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत आणि सर्दी-खोकला असेल त्यांनी दारातूनच आशीर्वाद द्यावा.

लस घेतली का, हात धुतले का, तपासणी पुन्हा केली का, एवढे तीन प्रश्न घरातील एका जबाबदार माणसाने वहीत लिहून ठेवावेत. बाकीचे काम वरण-भात आणि माया करते.