काजव्यांचा फोटो काढा, पण काजवे विझवू नका

अकोले : रोहिणी निघाल्या, वळवाचा एखाद-दुसरा पाऊस झाला की अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली झाडं रात्री लुकलुकायला लागतात. भंडारदरा, घाटघर, रतनवाडी, मुरशेत या भागात साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे दिसतात. मृगाचा पाऊस जोरात लागला की ते कमी होत जातात.

या दिवसांत शनिवार-रविवारी मुंबई, पुणे, नाशिककडून गाड्यांची रांग लागते. तंबू, जेवण, वाट दाखवणं यातून वाड्यांवरच्या घरांना ऐन पेरणीच्या तोंडावर चार पैसे मिळतात. पण गाड्यांबरोबर उजेडही येतो, आणि काजव्याला नेमका तोच चालत नाही. म्हणून फोटो काढणाऱ्याने आणि पाहुणे आणणाऱ्याने, दोघांनीही काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

फोटोत दिसतं ते डोळ्याला का दिसत नाही?

मोबाईलवर फिरणाऱ्या फोटोत झाड खालपासून शेंड्यापर्यंत सोन्याच्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. फोटो खोटा नसतो, पण तो एका क्षणाचाही नसतो. कॅमेरा स्टँडवर ठेवून पंधरा ते तीस सेकंद उघडा ठेवतात. असे बरेच फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर एकावर एक जोडतात. तीस सेकंदांचे चाळीस फोटो जोडले तर वीस मिनिटांत जेवढे काजवे चमकले, ते सगळे एकाच चित्रात येतात.

डोळ्याला मात्र झाड लुकलुकताना दिसतं. कधी एका फांदीवरचे काजवे एकदम चमकतात, एकदम विझतात, मग शेजारची फांदी चमकते. हे फोटोत येत नाही, ते तिथे उभं राहूनच बघावं लागतं. ज्याला हे ठाऊक नसतं तो पाहुणा "एवढेच का?" म्हणत टॉर्च मारतो, गाडीचे लाईट झाडावर टाकतो. मग होते नव्हते तेही काजवे चमकायचे थांबतात.

काजवा चमकतो कशासाठी?

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला किडा. त्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो. बल्ब तापतो तसा काजवा तापत नाही, त्याचा प्रकाश थंड असतो.

हा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. मादी पानावर किंवा खाली गवतात बसून उत्तर देते. जोडी जमली की मादी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात अंडी घालते. अळी पुढे बरेच महिने जमिनीतच राहते. तिचं खाणं म्हणजे बारक्या गोगलगायी आणि मऊ अंगाचे किडे. गोगलगाय पिकाचं काय करते हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

पंख फुटलेला काजवा मात्र जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. आयुष्याचा बहुतेक काळ मातीत काढून जोडी जमवायला त्याला एवढ्याच रात्री मिळतात.

उजेडाने काय बिघडतं?

दोघं लांबून हळू आवाजात बोलत असावीत आणि मध्ये डीजे लागावा, तसं हे आहे. हेडलाईट, फ्लॅश, हॅलोजन यांच्या उजेडात नराची खूण मादीला दिसत नाही. जोडी जमली नाही तर अंडी नाहीत, अंडी नाहीत तर पुढच्या साली काजवे कमी. नुकसान त्या रात्री कळत नाही, वर्षाने कळतं.

दुसरं नुकसान पायाखाली होतं. वाट सोडून झाडाखाली शिरलं की गवतातल्या माद्या चिरडतात. काजवे बाटलीत भरले तर तेही मरतात. पालापाचोळा जाळला किंवा झाडं तोडली तर अळ्यांची जागाच जाते.

मोबाईलवर फोटो असा काढा

जागेवर अंधार पडायच्या आत पोहोचा आणि गाडी लांब उभी करा. चांदणं नसलेल्या, अमावस्येच्या आसपासच्या रात्री चांगल्या.

फ्लॅश आधी बंद करा. स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवा.

मोबाईल हलता कामा नये. स्टँड नसेल तर दगडावर धान्याची किंवा वाळूची पिशवी ठेवून त्यावर टेकवा. टायमर तीन सेकंदांवर लावा, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही.

कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर शटर १५ ते ३० सेकंद आणि आयएसओ ८०० ते १६०० ठेवा. फोकस हाताने लांबच्या टोकाला, म्हणजे डोंगराच्या चिन्हावर न्या. 'प्रो' नसेल तर 'नाईट' मोड वापरून बघा. साध्या व्हिडिओत बहुतेक वेळा काळोखच येतो.

वाट दिसण्यापुरता उजेड लागलाच तर टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा आणि तो जमिनीकडेच धरा. लाल उजेडाचा काजव्यांना त्रास कमी होतो.

चार-पाच फोटो झाले की मोबाईल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-एक मिनिटं लागतात. खरे काजवे त्यानंतरच दिसायला लागतात.

गावाच्या हातात काय?

हा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनविभागाचे नियम लागू आहेत. पण रात्री प्रत्येक झाडाखाली वनरक्षक उभा राहू शकत नाही. तिथे असतो तो वाट दाखवणारा गावातला पोरगा. गाड्या गावाबाहेर थांबवणं, पाहुण्यांना पायी नेणं, तंबूपाशी हॅलोजन न लावणं आणि फोटोतलं झाड प्रत्यक्षात कसं दिसणार हे आधीच सांगणं, एवढं त्याच्या हातात आहे. पाहुणा जरा कुरकुर करेल, पण अंधारात अर्धा तास बसला की आपोआप गप्प होईल.

पेरणीच्या तोंडावर घरात येणारा हा पैसा काजव्यांच्या जिवावर आहे. बी राखून ठेवल्याशिवाय पुढच्या साली पेरता येत नाही. काजव्यांचंही तसंच आहे, त्यांचं बी अंधारात राखावं लागतं.