पडल्याचं निमित्त

सकाळी ७. राउंड. काल ‘लाल औषध’ चढवलेल्या मुलाच्या आईने लघवीचं भांडं झाकून ठेवलंय, मला दाखवायला. “रक्त नाही मावशी, डॉक्सोरुबिसिनचा रंग आहे.” कालही हेच सांगितलं होतं.

९.३०. ओपीडी. साताऱ्याकडचा चौदा वर्षांचा मुलगा, गुडघ्याच्या वर सूज. “कबड्डी खेळताना पडला, तेव्हापासून,” वडील सांगतात. आमच्याकडच्या बहुतेक कहाण्या अशाच सुरू होतात. आई खाली बघतेय. मैदानावर तिनेच पाठवलं होतं. “ताई, पडल्याने कॅन्सर होत नाही. गाठ आधीच होती, पडल्यावर तिकडे लक्ष गेलं.”

चार महिने मालिश झालंय, कातडीला अजून तेलाचा वास आहे. मालिशवाल्यावर मी चिडत नाही. दुखून रात्री झोप मोडते हे ऐकूनही दोनदा नुसत्या गोळ्या लिहून देणारा आमच्याच पेशातला, त्याचा राग येतो. एक्स-रे आम्ही आज काढला. हाडाच्या कडेने सूर्यकिरणांसारख्या रेषा. ऑस्टिओसार्कोमाच असणार, हाडाचा कॅन्सर. हा बहुधा वाढत्या वयात होतो, आणि हाड जिथे झपाट्याने वाढतं त्या गुडघ्याच्या आसपास.

१२. बायोप्सी. सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवावं. सुईची वाटही पुढे गाठीबरोबर कापून काढावी लागते. भलत्याच जागी टोचलं तर वाचणारा पायही जाऊ शकतो.

२.३०. ट्यूमर बोर्ड. आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. छातीचा सीटी आधी बघतात, कारण हा आजार पहिल्यांदा फुप्फुसात जातो. तिथे पोचला नसेल तर दहांतली सहा-सात मुलं बरी होतात.

४. फिजिओ. मांडीच्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवलेली मुलगी गुडघा वाकवतेय. नव्वद अंश. “मांडी घालून बसता येईल?” “नाही गं.” ती क्षणभर थांबते. “मग पंगतीत वाढायचं काम माझं.”

७. सातारकर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा रस्ता विचारतात. आई मागे रेंगाळते. “खरंच पडल्यामुळे नाही ना?”

“नाही, ताई.”

पोराचं हाड एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर मालिश थांबवा आणि एक्स-रे काढून घ्या. डॉक्टरने लिहून दिला नाही, तर मागून घ्या.