शनिशिंगणापूर आणि स्किझोटायपल व्यक्तिमत्त्वविकृतीचे निदान

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलुपे लावावयाची नाहीत, अशी परंपरा आहे. चोरास शनिदेव शासन करतो, ही त्यामागील श्रद्धा. २०११ साली युको बँकेनेही तेथे कुलूपविरहित शाखा उघडली. एड्रियन रेन यांची १९९१ सालची ७४ प्रश्नांची स्किझोटायपल प्रश्नावली घेऊन एखादा अभ्यासक या गावी गेला, तर अतींद्रिय गोष्टींविषयीच्या प्रश्नांना कित्येकांकडून होकारच मिळेल. तेवढ्यावरून त्यांना विकृत ठरविणे हास्यास्पद होय.

‘स्किझोटाइप’ ही संज्ञा सँडोर राडो यांनी १९५३ साली वापरली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत मात्र हे निदान स्वतंत्रपणे आले ते १९८० साली. या पुस्तिकेत आज नऊ लक्षणे दिली असून, त्यांपैकी किमान पाच तारुण्याच्या आरंभापासून निरनिराळ्या प्रसंगी दिसावी लागतात. चमत्कारिक समजुती हे त्यांतील केवळ एक. आणि तेही त्या समजुती व्यक्तीच्या समाजसंस्कृतीशी विसंगत असतील तरच.

समजा, याच गावचा एक तरुण म्हणतो की, रस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींच्या क्रमांकांतून शनिदेव आपल्या एकट्यासाठी संकेत धाडतो. दैवत गावाचेच, पण अर्थ त्याचा एकट्याचा. त्याच्या आईलाही तो पटत नाही. शंका घेतली तर तोही क्षणभर चाचरतो, ‘असेलही, नसेलही’ म्हणतो. संभ्रमातील अढळ निश्चय येथे नसतो, म्हणूनच यास छिन्नमनस्कता म्हणता येत नाही. याच्या जोडीला संदिग्ध, फाटे फुटणारे बोलणे, विचित्र वेश वा वर्तन, संशयीपणा, प्रसंगाशी न जुळणारी भावना आणि आप्तांवाचून कोणी जिवलग नसणे ही लक्षणे आढळतात.

यांत सर्वाधिक उपयुक्त, आणि बहुधा दुर्लक्षिले जाणारे, लक्षण म्हणजे सामाजिक भीती. लाजाळू माणसाची भीड परिचयाने ओसरते; येथे ती ओसरत नाही. लाजाळू माणसास आपण हास्यास्पद ठरू याचे भय असते, तर यास समोरच्याच्या हेतूंचे. दहा वर्षांच्या शेजाऱ्याशीही तो परक्यासारखाच वागतो.

असा माणूस उपचारास येतो तो बहुधा खिन्नता वा चिंतेची तक्रार घेऊन. गावाने त्यास ‘देवाचा माणूस’ म्हणून बाजूस ठेवलेले असेल, तर तो येतच नाही. अशा वेळी श्रद्धेची चौकशी करण्याऐवजी ‘हे तुमच्या घरी आणखी कोणास पटते?’ आणि ‘मनातले कोणाशी बोलता?’ हे दोन प्रश्न प्रथम विचारावेत.