वारसा, निधी आणि कर

घरातला कर्ता पुरुष गेला, की सातबाऱ्यावर वारसांची नावे लावावयाची, हे जळोचीत कोणास सांगावे लागत नाही. पण बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केलेल्या माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीचे काय, या प्रश्नाशी पुष्कळ कुटुंबे अडखळतात.

पहिले भय निराधार आहे. मृत्यूनंतर इस्टेटीवर बसणारा कर १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. वारसास मिळालेला निधी सामान्यतः करमुक्तच असतो. मात्र ती रक्कम बँकेत ठेवली, की तिचे व्याज वारसाचे उत्पन्न ठरते.

कुटुंबनिवृत्तिवेतनाचे तसे नाही. ते सामान्यतः करपात्र असून ‘पगार’ या सदरात नव्हे, तर ‘इतर उत्पन्न’ या सदरात दाखवावे लागते. त्यातून एकतृतीयांश किंवा, नव्या करपद्धतीत, २५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती वजा होते.

मृत्युदिनापर्यंतचे मयताचे उत्पन्न करपात्र असेल, तर त्याचे विवरणपत्र वारसाने भरावे. थकलेल्या कराची जबाबदारी मिळालेल्या इस्टेटीपुरतीच असते.

तेव्हा श्रोतेहो, नामनिर्देशन आजच तपासा. शोकाच्या दिवसांत घरच्या बाईवर कागद हुडकण्याची वेळ येऊ नये.