केराच्या तीन जागा

केर हा काय लिहिण्याचा विषय आहे, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. आम्हांसहि तसेंच वाटत असे. परंतु गेल्या पावसाळ्यांत एक प्रसंग घडला आणि आमची समजूत पालटली. सकाळीं केर नेणाऱ्या बाईंनीं आमच्या घरची पिशवी उचलली, तोंच त्यांच्या तळहाताला रक्ताची धार लागली. फुटक्या पेल्याची कांच भाजीच्या देंठांखालीं दडलेली होती. आमच्या मातोश्री हळद घेऊन धांवल्या. तेव्हां त्या बाई शांतपणें म्हणाल्या, “आजी, हळद लावा, पण कांच तेवढी निराळी देत जा.” आम्ही सारेच खजील झालों.

ज्या घरांत खरकटें भांडें आणि देवाचें ताम्हण यांची गल्लत कधीं होत नाहीं, त्या घरांत केराची मात्र सरमिसळ व्हावी, हें नवल नव्हे काय? विचार करतां कारण उमगलें. उंबऱ्याबाहेर गेलें तें आपलें नव्हे, आणि तें उचलणारा हातहि आपला नव्हे, ही आपली जुनी समजूत. सोंवळ्याओंवळ्याच्या नांवाखालीं हें काम समाजानें ठराविक जातींच्या माथीं मारलें; घाण आपली, आणि विटाळ मात्र त्यांचा!

पुण्यांत केर वेंचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ सालीं स्थापन झाली. तिच्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून तिनें घरोघरचा केर गोळा करण्याचें काम हातीं घेतलें. सुका माल विकून या कष्टकरी बायांच्या मिळकतींत भर पडते. तेव्हां आमटीनें भिजलेली रद्दी म्हणजे दुसऱ्याच्या ताटांतून काढलेला घांसच होय. शिवाय, ओला केर ढिगांत दडपला गेला कीं हवेवांचून कुजतो आणि त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. मुंबईच्या देवनार येथील ढिगाऱ्यास २०१६ च्या जानेवारींत लागलेल्या आगीचा धूर पुष्कळांस आठवत असेल. केर वेगळा ठेवण्याची सक्ति त्याच वर्षीच्या नियमांनीं देशभर केली. पण कायदा स्वयंपाकघरांत येतो तो घरची रीत होऊनच.

आमच्या घरीं माणसें चौदा. नुसता उपदेश तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशीं पुन्हां पहिले पाढे पंचावन्न! कारण सुक्या केराची टोपली मागील दारीं होती, आणि तेथवर जाणार कोण? मग वहिनींनीं ओट्याखालींच ओल्यासाठीं झांकणाचा डबा व शेजारीं सुक्यासाठीं पोतें ठेविलें. दाढीचीं पातीं, मुदत सरलेलीं औषधें, संपलेले सेल यांची पेटी उंच फळीवर गेली. फुटकी कांच जाड कागदांत गुंडाळून, वर ‘कांच’ असें लिहून हातीं द्यावयाची. बाळाचे टाकाऊ लंगोट व स्त्रियांच्या वापरांतील पट्ट्या कागदांत बांधून, वर तांबडी खूण करून निराळ्या द्यावयाच्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा सुटा न पाडतां नुसती चीर द्यावी, पिशवी विसळून वाळवावी. सुटा तुकडा कोणाच्याच हातीं लागत नाहीं.

ओल्याचें खत गच्चीवरच होतें. तळाशीं भोकें पाडलेल्या जुन्या बादलींत भाजीच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला पसरावा आणि आठवड्यांतून एकदां ढवळावें. दुर्गंधी आली तर ओल फार झाली असें समजून आणखी पाला घालावा. दोन-तीन महिन्यांत काळें, मातीच्या वासाचें खत तयार होतें. आमच्या तुळशीस व जास्वंदीस तें चांगलेंच मानवलें आहे.

हें नवें आहे असेंहि नाहीं. जुन्या लुगड्यांची गोधडी, कपड्यांवर भांडें देणारी बोहारीण, पाठकोऱ्या कागदांची वही, हें सारें आपल्याच आजींनीं केलें. आपण मध्यंतरीं विसरलों, इतकेंच.

परवां त्या बाई आल्या, तेव्हां मातोश्रींनीं पोतें स्वतः त्यांच्या हातीं दिलें आणि आंत बोलावून चहा दिला. पेला आम्हां सर्वांच्याच पेल्यांतला होता. टोपल्यांची व्यवस्था एका रविवारीं होते. या दुसऱ्या गोष्टीस मात्र आमच्या घरीं फार वर्षें लागलीं.